कॉलेजच्या मुलींच्या लॅक्रोस संघाचा बचाव सांभाळायचा असेल तर

न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनिया, बोस्टनचा परिसर. इथल्या हायस्कुलांत वसंत ऋतू लागला की मुली लॅक्रोसच्या, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलत-फेकत गोल करायच्या खेळाच्या, स्टिक घेऊन मैदानात उतरतात, आणि त्यांत आपल्या मराठी घरांतल्या मुलीही असतात. त्यांतल्या काही पुढे कॉलेजात खेळतात. खेळायची वर्षं संपत आली की एखादीच्या मनात येतं, नोकरी म्हणून हेच केलं तर? दुसरा वाचक वेगळा. तो किंवा ती पुण्या-नाशिकहून स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला अमेरिकेत आलेली असते, खेळ बाहेरून पाहून आवडलेला असतो आणि आत शिरायचं दार सापडत नसतं. पहिलीचा रस्ता जवळचा आहे, दुसऱ्याचा लांबचा. दोघांनाही उपयोग होईल असं लिहितो आहे.

फक्त बचावाच्या कोचबद्दल लिहितोय, त्याला कारण आहे. कॉलेजच्या स्टाफमध्ये साधारणपणे एक हेड कोच असते, तिच्या हाताखाली एक असिस्टंट आक्रमण बघते, एक बचाव बघते, आणि गोलकीपर व ड्रॉ (मध्यावर चेंडू मिळवण्यासाठी होणारी झुंज) ही कामं कुणाच्या तरी गळ्यात असतात. आक्रमणाच्या जागेसाठी अर्ज चाळताना, जिनं कॉलेजात पोत्यानं गोल मारले तिचं नाव आपोआप वर येतं. बचावात तसं होत नाही. तिथे हेड कोचला एकच गोष्ट हवी असते: सात मुलींनी एकाच क्षणी एकच निर्णय घ्यावा, हे या माणसाला शिकवता येतं का? ते येत असेल तर मोठं नाव नसतानाही पाय रोवता येतात. पुढे जे काही सांगतोय ते या एका कसोटीला धरून आहे.

नियमपुस्तक आधी, बाकी सगळं नंतर

एनसीएए, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणारी संघटना, तिचं मुलींच्या लॅक्रोसचं नियमपुस्तक संकेतस्थळावर फुकट मिळतं. हायस्कूलचे आणि क्लबचे नियम थोडे वेगळे असतात, त्यामुळे 'मला खेळ माहीत आहे' या समजुतीवर राहू नका. पुस्तक अख्खं वाचाच, पण बचावाशी थेट संबंध असलेले नियम झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजेत.

मैदानावर एका संघाच्या 12 जणी. दोन्ही बाजूंना एकेक रिस्ट्रेनिंग लाइन. हल्ला करणाऱ्या संघाच्या 7 जणींनाच ती ओलांडता येते, आणि बचावाला गोलकीपर धरून 8 जणी राहू शकतात. म्हणजे तुमचं काम 7 विरुद्ध 7, आणि मागे 6 फूट बाय 6 फुटांच्या गोलमध्ये उभी असलेली एक मुलगी. मुलांच्या लॅक्रोसमध्ये बचावपटूंकडे लांब काठ्या असतात आणि अंगाला अंग भिडवायची मुभा असते. मुलींच्या खेळात यातलं काहीच नाही. गोलकीपर सोडून स्टिकची लांबी सगळ्यांना सारख्याच मर्यादेत, हेल्मेट सक्तीचं नाही, डोळ्यांवर गॉगल्स आणि तोंडात माउथगार्ड मात्र हवेतच. स्टिक आडवी धरून ढकललंत की फाउल. डोक्याभोवती सुमारे 18 सेंटिमीटरचं काल्पनिक कवच धरलेलं असतं, त्यात स्टिक शिरली की फाउल, डोक्याला लागली तर पंच कार्डही काढते. पिवळं कार्ड मिळालं की ती मुलगी 2 मिनिटं बाहेर आणि तुमचा बचाव एका खेळाडूनं कमी.

त्यामुळे हा बचाव हातांपेक्षा पायांवर चालतो. नवखे कोच मात्र चेक मारायला, म्हणजे स्टिकनं समोरच्या मुलीच्या स्टिकवर फटका मारून चेंडू पाडायला, शिकवण्यापासून सुरुवात करतात, कारण ते दिसायला झकास दिसतं.

आता दोन नियम, ज्यांवर सगळी गंमत आहे. पहिला, 3 सेकंदांचा. गोलसमोर 8 मीटरचा आर्क आखलेला असतो. त्यात तुमची बचावपटू उभी असेल तर कुणातरी आक्रमक खेळाडूपासून ती एका स्टिकच्या अंतरात हवी. कुणालाही न धरता 3 सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळली की फाउल. म्हणजे 'मदतीला म्हणून मधे उभी राहते' ही सोय नाही. दुसरा, शूटिंग स्पेसचा. जिच्याकडे चेंडू आहे आणि जी गोलकडे बघते आहे, तिच्या आणि गोलच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात तुमची मुलगी स्टिकच्या अंतरापेक्षा लांब असताना घुसली तर फाउल. हा नियम जिवाच्या सुरक्षेसाठी आहे, कारण डोक्यावर हेल्मेट नसतं आणि चेंडू कडक रबराचा असतो. आर्कमध्ये असा मोठा फाउल झाला की आर्क रिकामा करायचा आणि आक्रमक मुलीला समोरून मोकळा फटका द्यायचा, म्हणजे फ्री पोझिशन. चांगली नेमबाज असेल तर गोल गेलाच म्हणून समजा.

पहिला नियम म्हणतो जवळ जाऊन धर, दुसरा म्हणतो चुकीच्या वाटेनं जवळ जाऊ नकोस. या दोहोंच्या मधल्या फटीत बचावाच्या कोचचं सगळं आयुष्य जातं.

शिवाय वेळेचं भान हवं. एका हल्ल्याला 90 सेकंद मिळतात, पहिल्या डिव्हिजनमध्ये (एनसीएएच्या तीन स्तरांतला सगळ्यात वरचा) हे घड्याळ 2017 पासून आलं. 2018 मध्ये फ्री मूव्हमेंट आली, तोपर्यंत शिट्टी वाजली की सगळ्यांना जागच्या जागी थिजावं लागायचं. त्या थांबलेल्या क्षणात कोच बाजूनं ओरडून बचाव लावून घ्यायची. ती सोय गेली. आता मुलींनी आपसांत बोलूनच लावायचं. 2022 पासून सामना 15 मिनिटांच्या चार क्वार्टरचा झाला, तेव्हा मधे बोलायला दोन जास्तीचे ब्रेक मिळाले एवढाच काय तो दिलासा.

एक हल्ला, जवळून

चेंडू गोलच्या मागे आहे, ज्या जागेला सगळे एक्स म्हणतात तिथे. तिथून एक चपळ मुलगी बाजूनं वळसा घालून पुढे यायला निघते. तिला धरणारी बचावपटू पावलं छोटी टाकत, कंबर खाली ठेवून तिला बाहेरच्या दिशेला रेटते आहे. गोलच्या रेषेपाशी ती अर्ध्या पावलानं मागे पडली. आता काय?

क्रीजजवळ, म्हणजे गोलभोवतीच्या वर्तुळाजवळ, उभी असलेली दुसरी बचावपटू, जिनं आधीच 'हॉट, हॉट' (पहिली मदत माझी) असं ओरडून ठेवलं आहे, ती निघते. यालाच स्लाइड म्हणतात. ती सरळ फटक्याच्या वाटेत शिरली तर शूटिंग स्पेस. ती बाजूनं येऊन, अंगाजवळ पोचून मग समोर व्हायला हवी. ती निघाल्याबरोबर तिची स्वतःची खेळाडू क्रीजवर मोकळी झाली. तिला उचलायला तिसरी, 'टू' म्हणून ओरडणारी, आत घसरायला हवी. तिसरी आत आली की लांबच्या बाजूला दोन आक्रमक आणि एक बचावपटू उरतात. त्या एकटीनं दोघींच्या मधे उभं राहून नजर चेंडूवर ठेवायची. जी आधी मागे पडली होती तिनं थांबून स्वतःवर चरफडायचं नाही, पळत जाऊन मोकळी राहिलेली खेळाडू शोधायची. गोलकीपर जवळच्या खांबाला चिकटलेली.

हे सगळं दोन-तीन सेकंदांत. तिसरीला अर्धा सेकंद उशीर झाला की क्रीजवर पास, आणि गोल. आकडेवारीत तो गोल गोलकीपरच्या नावावर चढतो, घरी बसलेले पालक म्हणतात गोलकीपर कच्ची आहे. तुम्हाला मात्र व्हिडिओत दिसतं की चूक चेंडूपासून दहा मीटर लांब असलेल्या मुलीची होती आणि तिच्या लक्षातही आलेली नाही.

कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे पटकन कळतं. कोपरारक्षकानं एकट्यानं चढाईपटूच्या पायाला झेप घातली आणि साखळीतले बाकीचे जागेवरच राहिले, तर पकड सुटते आणि वर गुणही जातो. झेप चांगली होती की वाईट हा प्रश्नच उरत नाही.

तोंड उघडायला शिकवणं

म्हणून पहिल्या आठवड्यात स्टिक बाजूला ठेवून बोलायला शिकवा. चेंडूवर कोण आहे, पहिली स्लाइड कुणाची, दुसरी कुणाची, हे प्रत्येक पासबरोबर नव्यानं ओरडायचं. प्रत्येक संघाचे शब्द वेगळे असतात. तुम्ही नव्यानं रुजू होत असाल तर जुने शब्द बदलायची घाई करू नका, मुलींच्या जिभेवर बसलेले शब्द म्हणजे तयार भांडवल आहे. पहिल्या वर्षाच्या मुली हळू बोलतात, चुकेल म्हणून उशिरा बोलतात. उशिरा आलेली बरोबर हाक काही कामाची नसते. लवकर आलेल्या चुकीच्या हाकेनं निदान सगळ्या एकाच दिशेला तरी जातात. माझ्या मते सरावात चुकीच्या हाकेबद्दल कधीही ओरडू नये, गप्प राहिलेल्या मुलीला मात्र खेळ थांबवून विचारावं: तुला काय दिसत होतं?

सरावाची चढण साधी ठेवा. एकास एक, तेही अरुंद पट्ट्यात, म्हणजे पावलं आणि अंतर. मग दोघींवर एक, तिघींवर दोन, चौघींवर तीन. बचावाला नेहमी एक कमी द्या, कारण सामन्यात स्लाइड झाल्यानंतरची अवस्था हीच असते. मग सातास सात. चेक सगळ्यात शेवटी, आणि तेही पाय जागेवर आले असतील तरच. झोन बचाव, म्हणजे खेळाडूऐवजी जागा वाटून घेणं, पहिल्या वर्षी शिकवायचा मोह होतो, कारण कागदावर तो सोपा दिसतो. पण 3 सेकंदांचा नियम असताना झोन चालवायला मुलींना आधी एकास एक धरण्याची सवय लागते. ती सवय नसेल तर झोन म्हणजे सात जणी चेंडूकडे बघत उभ्या.

पिवळ्या कार्डानंतरच्या 2 मिनिटांसाठी वेगळा आराखडा ठेवा आणि तो दर आठवड्याला सरावात घ्या. चेंडू हिसकावल्यानंतर तो वर कसा न्यायचा, म्हणजे क्लिअर, हेही बहुतेक ठिकाणी बचावाच्याच कोचकडे असतं. नवखी मंडळी याला वेळ देत नाहीत. अडवलेला चेंडू तुमच्याच अर्ध्यात हातातून गेला तर नव्वद सेकंद पुन्हा पहिल्यापासून बचाव करायचा, आणि तोही दमलेल्या पायांनी.

सामने बघायचे ते असे

दोन फायनल शोधून पाहा. 2024 ची, नॉर्थवेस्टर्न विरुद्ध बोस्टन कॉलेज. पहिले 6 गोल नॉर्थवेस्टर्नचे, आणि शेवटी बोस्टन कॉलेज 14-13 नं जिंकलं. कॉमेंट्रीचा आवाज बंद करा आणि 6-0 नंतर बोस्टन कॉलेजच्या बचावात काय काय बदललं ते स्वतः लिहून काढा: कोण कुणाला धरतंय, पहिली स्लाइड कुठून येते आहे, ड्रॉ कुणाच्या हाती लागतोय. ड्रॉ विसरू नका. गोल झाला की चेंडू पुन्हा मध्यावर येतो आणि ड्रॉ हरत राहिलात तर तुमचा बचाव सलग उभाच राहतो. पुष्कळदा बचाव बिघडण्याचं खरं कारण मध्यावर सापडतं. दुसरी फायनल 2025 ची. नॉर्थ कॅरोलायनानं नॉर्थवेस्टर्नला 12-8 असं हरवून 22-0 असा अख्खा मोसम अजिंक्य ठेवला. ती दोनदा बघा. एकदा फक्त चेंडूवरची मुलगी, एकदा चेंडूपासून सगळ्यात लांब असलेली मुलगी.

अशा पाहण्याच्या नोंदी जपून ठेवा. पुढे मुलाखतीत त्याच कामाला येतात.

एक गोष्ट आधीच मनाशी धरून चाला: बचावाला कौतुक कमी. सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा टेवारटन पुरस्कार 2001 पासून दिला जातो, आणि तो बहुतेक वेळा गोल करणाऱ्या किंवा मध्य सांभाळणाऱ्या मुलींकडे जातो. 2019 मध्ये मेरीलँडची गोलकीपर मेगन टेलर हिला मिळाला तेव्हा ती बातमी झाली.

पहिली जागा कुठे मिळते

कॉलेजात खेळून झालेल्या मुलीसाठी क्रम साधारण असा: उन्हाळ्यात क्लब संघ आणि कॅम्प, मग एखाद्या हायस्कूलचा बचाव, मग ग्रॅज्युएट असिस्टंट किंवा तिसऱ्या डिव्हिजनच्या कॉलेजात अर्धवेळ असिस्टंट. ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे तुम्ही मास्टर्स करता, बदल्यात संघाचं काम करता आणि फीमध्ये सूट व थोडा भत्ता मिळतो. पूर्वी पहिल्या डिव्हिजनमध्ये बिनपगारी व्हॉलंटियर कोच म्हणून घुसता यायचं. जुलै 2023 पासून ते पद रद्द झालं आणि त्या जागा पगारी करायला परवानगी मिळाली. ऐकायला चांगलं वाटतं, पण ज्या कॉलेजांकडे पैसे नाहीत तिथे ती खुर्ची रिकामीच राहते.

न खेळलेल्यांसाठी दार म्हणजे संघाची स्टुडंट मॅनेजर किंवा व्हिडिओचं काम. सराव चित्रित करायचा, हडल या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरवर टाकायचा, क्लिप कापायच्या. या कामाला कुणी मान देत नाही, पण रोज स्टाफच्या चर्चेत बसायला मिळतं, आणि बचावाच्या कोचला क्लिप कापून देणारा माणूस सहा महिन्यांत तिच्या डोळ्यांनी बघायला लागतो. पुरुषांनाही वाव आहे. पुरुषांच्या लॅक्रोसमधला दिग्गज गॅरी गेट सिराक्यूजच्या मुलींचा बरीच वर्षं हेड कोच होता. नॉर्थ कॅरोलायनात जेनी लेव्हीच्या जोडीला फिल बार्न्स वर्षानुवर्षं बचाव सांभाळत आला आहे. लेव्ही तिथे 1996 मध्ये संघ सुरू झाला तेव्हापासून आहे. हेड कोच न होता एकाच जागी नाव कमावता येतं, हेही त्यातून दिसतं.

कागदपत्रांत यूएसए लॅक्रोसचं सदस्यत्व आणि त्यांचं कोचिंग प्रमाणपत्र, सेफस्पोर्टचं (खेळाडूंचा छळ रोखण्याबद्दलचं) प्रशिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी एवढं तयार ठेवा. प्रमाणपत्रानं नोकरी मिळत नाही, पण ते नसेल तर अर्ज पहिल्याच चाळणीत अडकतो. जागा एनसीएए मार्केटवर आणि कोचांच्या आयडब्ल्यूएलसीए या संघटनेकडे जाहीर होतात. संघटनेचं वार्षिक अधिवेशन असतं, तिथे जाण्याचा खर्च अंगावर येतो, तरी एकदा जाच. पुष्कळ जागा जाहिरात निघण्याआधीच कॉफीच्या टेबलावर ठरलेल्या असतात.

व्हिसाचं काय

इथेच जन्मलेल्या वाचकांनी हा भाग सोडून द्यावा. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं, त्यात ग्रॅज्युएट असिस्टंटचं काम बसतं. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे त्याच व्हिसावर काम करायच्या परवानगीचे, 12 महिने मिळतात, पण काम शिक्षणाशी जुळणारं हवं. म्हणून मास्टर्स स्पोर्ट्स मॅनेजमेंट, किनेसिऑलॉजी अशा विषयात असेल तर बरं. विद्यापीठांना एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून सूट आहे, हा मोठा फायदा. मात्र कोचचं काम त्या व्हिसाच्या व्याख्येत बसवून दाखवणं वकिलाचं काम आहे. त्यातच सप्टेंबर 2025 मध्ये, मुख्यतः देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-1बी अर्जांवर 1,00,000 डॉलरचं शुल्क लावलं गेलं. छोटं कॉलेज असिस्टंटसाठी एवढे पैसे मोजणार नाही. हे नियम बदलत राहतात, म्हणून जागा स्वीकारण्याआधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसशी स्वतः बोला. हेड कोचच्या 'होऊन जाईल' वर विसंबू नका, तिला यातलं काही माहीत नसतं.

वर्ष कसं जातं

ऑगस्टच्या शेवटी मुली परततात. पानगळीच्या मोसमात बचावाचा पाया घालायचा, मैत्रीपूर्ण सामने खेळायचे. डिसेंबरात परीक्षा. जानेवारीत थंडीनं बोटं आखडलेली असताना पूर्ण संघाचा सराव, फेब्रुवारीत मोसम सुरू, मेमध्ये एनसीएएची स्पर्धा, आणि पहिल्या डिव्हिजनची फायनल मेमोरियल डेच्या शनिवार-रविवारी. मोसमात मुलींकडून आठवड्याला 20 तासांपेक्षा, दिवसाला 4 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. कोचसाठी अशी मर्यादा नाही.

तुमचे तास व्हिडिओत जातात. शनिवारी सामना असेल तर बुधवारपर्यंत प्रतिस्पर्ध्यांचे आधीचे तीन-चार सामने पाहून झालेले हवेत. मुलींच्या हातात मात्र एकच कागद द्या. कोणती मुलगी कुठल्या हातानं मारते, कुठून निघते, पाठ फिरवून वळते का, फ्री पोझिशनला कुठल्या कोपऱ्यात मारते, आणि 90 सेकंद संपत आले की चेंडू कुणाकडे जातो. पाच पानांचा अहवाल हेड कोचला आवडतो, मुली वाचत नाहीत. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. घड्याळ दहावर आलं की बहुतेक संघांचं एकच आवडतं ठिकाण असतं, आणि ते सापडलं की सामन्यात दोन-तीन गोल वाचतात.

गोलकीपरशी वेगळं नातं ठेवा. तिला अख्खं मैदान समोर दिसतं, म्हणून हाकांची सूत्रं तिच्या हाती असतात. मुलींच्या खेळात निम्मे फटके अडवणारी गोलकीपर उत्तम समजली जाते, म्हणजे चांगल्या दिवशीही तिच्या मागे चेंडू पुष्कळदा जाळ्यात जातो. कुठले फटके तिनं घ्यायचे आणि कुठले बचावानं होऊच द्यायचे नाहीत, हे दोघांनी बसून ठरवा. लांबून, कोनातून येणारा फटका तिचा. क्रीजसमोरचा तुमचा. एवढी वाटणी झाली की सामन्यानंतर एकमेकींवर बोट दाखवणं बरंच कमी होतं.

मुली निवडणं

असिस्टंटचा मोठा वेळ भरतीत जातो, जून-जुलैमधल्या क्लब स्पर्धांत तर सकाळी आठपासून खुर्ची टाकून बसावं लागतं. पहिल्या डिव्हिजनला मुलगी अकरावीत जाते त्या वर्षीच्या 1 सप्टेंबरच्या आधी तिच्याशी भरतीबद्दल बोलता येत नाही. पालकांनीही हे ध्यानात ठेवावं, त्याआधी पाठवलेल्या ईमेलला उत्तर आलं नाही म्हणून मन लावून घेऊ नये. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. पहिल्या डिव्हिजनमध्ये 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी संघाची मर्यादा आली, मुलींच्या लॅक्रोससाठी 38. त्यात ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, तयार खेळाडू मिळतात. त्यामुळे 'हळूहळू घडेल' अशा मुलीला जागा मिळणं अवघड झालं आहे.

बचावासाठी मुलगी बघताना चेंडू तिच्यापासून लांब असेल तेव्हा बघा. तिची मान फिरते का? एक नजर चेंडूवर, एक स्वतःच्या खेळाडूवर? मागे पडल्यावर ती पळते की स्टिक फेकते? हायलाइटच्या व्हिडिओत यातलं काही दिसत नाही, तिथे फक्त हिसकावलेले चेंडू असतात. पूर्ण सामन्याचा व्हिडिओ मागा. आणि बास्केटबॉल खेळलेली मुलगी दिसली की थोडं जास्त वेळ थांबा, पावलांचं आणि मदतीला जायचं अर्धं काम तिथे कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं.

थोडं 2028 बद्दल

लॅक्रोस लॉस एंजेलिसच्या 2028 च्या ऑलिंपिकमध्ये असेल, आणि हा निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये आयओसीच्या मुंबईतल्या अधिवेशनात झाला. आपल्याकडे तेव्हा सगळी चर्चा क्रिकेटचीच झाली, ते स्वाभाविकच. मात्र ऑलिंपिकमधला प्रकार सिक्सेस आहे: गोलकीपर धरून 6 जणी, 70 बाय 36 मीटरचं मैदान, 30 सेकंदांचं घड्याळ. कॉलेजचा सातांचा बचाव तिथे जसाच्या तसा चालत नाही. तरीही महाराष्ट्रात राहून कोचिंगकडे वळायचं असेल, तर सिक्सेस शिकून घेणं शहाणपणाचं. कॉलेजचा अनुभव असलेला माणूस तो पटकन उचलतो, उलटं तितकं सोपं नाही.

मुलाखत आणि करार

मुलाखतीत फळा आणि मार्कर देतात. 'एक्सवरून ड्राइव्ह आली, तुमची पहिली स्लाइड कुठून?' उत्तर चूक की बरोबर याहून, समोर बसलेल्या मुलींना ते एका मिनिटात कळेल असं सांगता येतं का, ते बघतात. बहुतेक ठिकाणी संघातल्या मुलींशीही बोलायला लावतात. तिथे त्यांना तुमची तत्त्वं ऐकवू नका. गेल्या मोसमात कुठल्या हल्ल्यानं तुम्हाला सगळ्यात छळलं, असं विचारा आणि ऐका. सोबत दोन-तीन मिनिटांच्या क्लिप ठेवा, तुम्ही शिकवलेल्या बचावाच्या, त्यात एक फसलेलीही असू द्या आणि ती का फसली ते सांगा.

पगाराचं गणित डिव्हिजननुसार आणि कॉलेजनुसार फार बदलतं. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असिस्टंटला पुष्कळदा दुसरं कामही जोडून दिलेलं असतं: साहित्याची खोली, दुसऱ्या संघांच्या सामन्यांची व्यवस्था, प्रवेश कार्यालयात मदत. जागा अर्धवेळ असेल तर आरोग्य विमा मिळतो का, राहण्याची सोय आहे का, उन्हाळ्याचे महिने पगारात धरले आहेत का, कॅम्पचे पैसे कुणाला मिळतात, हे लेखी विचारा. पैशाचं विचारायला आपण संकोचतो. तिकडे कुणाला त्याचं काही वाटत नाही.

करार बहुतेक वेळा एका वर्षाचा असतो. हेड कोच गेली किंवा काढली गेली तर नवीन हेड कोच स्वतःचा स्टाफ आणते, आणि तुमचा बचाव लीगमध्ये पहिला असला तरी तुम्हाला पेटी भरावी लागू शकते. म्हणून जागा निवडताना कॉलेजच्या नावाच्या आधी हेड कोच तिथे किती वर्षं आहे, तिचा करार कधी संपतो आणि तिच्या हाताखालचे आधीचे असिस्टंट कुठे गेले ते शोधा. त्यांतल्या एखाद्याला फोन करून विचारा, ती तुम्हाला बचाव स्वतःच्या मनानं लावू देईल का. याचं उत्तर 'नाही' आलं, तर मोठं कॉलेज सोडून लहान कॉलेजात जा.